वाडीत राहायला आलात, आता दम कधी खाणार?

मुंबईतली नोकरी सोडून, नाहीतर रिटायर होऊन गावच्या घरात कायमचं राहायला येणारे आता आमच्या पट्ट्यात बरेच झालेत. येताना सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं, पडवीत झोपाळा, हातात चहा, समोर माड. झोपाळा लागतो हो, पण त्यावर बसायला मिळत नाही, मे महिन्यात तर त्यावर आमसुलांची सुपं बसलेली असतात. एक गाय, चाळीसेक कलमं, थोडे माड-पोफळी, दोन कुणगे (लहान खाचरं) भात आणि परसात भाजी, एवढाच पसारा असला तरी दोन माणसांना तो पुरून उरतो. तर हे अशांसाठी लिहितेय, दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग डोळ्यासमोर ठेवून. घाटावरचं हवामान वेगळं, कामांचे महिने वेगळे, तिकडच्यांनी यातलं लागेल तेवढंच घ्यावं.

पहिलं म्हणजे "एवढं आटपलं की बसू" हे डोक्यातून काढून टाका. ऑफिसात फाइल क्लोज होते, वाडीत काही क्लोज होत नाही, एका टोकाचं गवत काढून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत उगवलेलं असतं. म्हणून बसायची वेळ आधी ठरवायची आणि कामं तिच्या आजूबाजूला बसवायची. आमच्या शेजारच्या काकी येता-जाता ऐकवतात, "काम खंय पळान जाता काय? वायच बस." आणि ही बाई सत्तरीत आहे, स्वतःचं भात स्वतः लावते, म्हणजे हा काही आळशी माणसाचा सल्ला नाही.

थांबणारी कामं, न थांबणारी कामं

एक वही घ्या, खिळ्याला अडकवून ठेवा आणि त्यात दोनच याद्या करा. न थांबणाऱ्या कामांची यादी खरं तर लहान असते. गुरांचं चारा-पाणी आणि दूध, उन्हाळ्यात लहान रोपांचं पाणी, तरवा (भाताची रोपं) तयार झाल्यावर लावणी, तयार आंबा, पाऊस भरून आलेला असताना कापून पडलेलं भात, अंगणात वाळत घातलेलं काहीही. संपली यादी. बाकी सगळं थांबतं, कुंपण थांबतं, गोठ्याची डागडुजी थांबते, गवत तर थांबतंच, माडाखालचा पालापाचोळा महिनाभर तिथेच राहिला तर उलट मातीत ओल टिकते.

न थांबणाऱ्यातही थोडी ढील असते ती माहीत पाहिजे, नाहीतर माणूस उगाच जिवावर उदार होतो. तरवा साधारण 21 ते 25 दिवसांचा झाला की लावायचा, पण चार-पाच दिवस पुढे गेले म्हणून भात बुडत नाही, फार जून झाला की मग फुटवे कमी येतात. काजूचं तर बघा, नवीन माणूस मार्चमध्ये रोज सकाळी टोपली घेऊन सगळ्या झाडांखाली वाकत फिरतो. काही गरज नाही. हवा कोरडी आहे तोवर पडलेली बी दोन-तीन दिवस झाडाखाली राहिली तर काही होत नाही, एक दिवस आड जा, बोंडूपासून बी तिथेच पिळून वेगळी करा आणि घरी आणून उन्हात टाका. माकडं-साळींदर येत असतील किंवा मळभ धरलं असेल तर मात्र रोज. म्हणजे कंबरेचं निम्मं काम तर यादी बघूनच वाचतं.

दिवस कसा लावायचा

सकाळी उजाडायच्या आत गोठा, मग साडेसहा ते दहा अंगमेहनतीचं जे काय आहे ते, दहाला पेज. ही पेजेची वेळ जुन्या लोकांनी फार विचार करून ठेवली असणार. उकड्या तांदळाची गरम पेज, त्यात मीठ, बाजूला लोणचं नाहीतर भाजलेलं सुकं, आणि ती उभ्याने पिता येत नाही, बसावंच लागतं, शिवाय घामात गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही परत येतं. चहा-बिस्किटावर हे भागवणारे लोक अकरा वाजता चिडचिडे झालेले असतात, मी बघितलंय. पेजेनंतर तासभर हलकं काम आणि अकरा-साडेअकराला घरात. परत बाहेर पडायचं ते साडेतीन-चारला.

हे दुपारचे चार तास एप्रिल-मेमध्ये चैन म्हणून मोजू नका. आपल्याकडे पारा घाटावरइतका चढत नाही म्हणून लोक बेफिकीर असतात, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, तो फक्त गळत राहतो. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात 40 अंश धरतं आणि किनारपट्टीला 37 पासूनच बघायला लागतं, ते काय उगाच नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, घाम येता येता थांबला, तर काम तिथेच टाकून सावलीत, अंगावर पाणी, आणि बरं वाटलं नाही तर सरळ डॉक्टर.

गंमत म्हणजे आंब्यालाही दुपारी हात लावलेला चालत नाही. हापूसमध्ये साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजसारखा होतो, त्यात उष्णतेचा मोठा वाटा असतो, तापलेल्या जमिनीवर, उन्हात पडून राहिलेल्या फळात तो जास्त दिसतो. त्यामुळे काढणी सकाळी दहा-साडेदहापर्यंत, नाहीतर मग चारनंतर, आणि काढलेलं फळ ताबडतोब सावलीत. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेताना दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला घ्या, देठासकट आंबा उतरतो, चीक सांडत नाही आणि सारखी मान वर करून झटापट करावी लागत नाही. "दुपारी पण काढला तर दहा पेट्या जास्त भरतील" असं कोणी म्हणालं तर त्याला साक्याचा आंबा कापून दाखवा.

दिवेलागणीनंतर बाहेरचं काम बंद. दूध काढायचं राहिलं असेल तर गोठ्यात लाइट पाहिजेच, आणि गोठ्यापर्यंत जायला बॅटरी पाहिजे, पायात बूट पाहिजेत. दमलेला माणूस अंधारात पाय कुठे टाकतोय ते बघत नाही आणि आपल्याकडे फुरसं (विषारी साप) असतं पालापाचोळ्यात, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता जरा टोचणारी गोष्ट. वर लिहिलेली दुपारची विश्रांती बहुतेक घरांत फक्त पुरुषाची असते. अकराला दोघं घरात आली की तो पडवीत आडवा होतो आणि ती चुलीपुढे उभी राहते, जेवण, भांडी, मग वाळवणं फिरवायची, तोवर चहाची वेळ. सकाळी सहापासून ती पण बागेतच होती ना? त्यामुळे घरात आराम बसवायचा असेल तर आधी स्वयंपाक हलवा. पेजेसाठी चूल पेटतेच, त्याच वेळी भात आणि कालवण किंवा आमटी करून ठेवायची, दुपारी फक्त वाढून घ्यायचं. भांडी ज्याने जेवून तंगड्या पसरल्यात त्याने घासायची. रात्री परत साग्रसंगीत जेवण करायचं काही नडलेलं नाही, पेज आणि भाजलेला सुका बांगडा, नाहीतर मुगाची खिचडी, बास. हे एवढं बदललं की घरातल्या बाईला दिवसाचे दोन तास मिळतात. आणि पुरुषमंडळींनी हे वाचून "आमच्याकडे ती ऐकतच नाही, तिला बसवतच नाही" असं म्हणू नये, भांडी घासून ठेवा, मग बघू बसते का नाही.

गाय असेल तर

वाडीतली सुट्टी अडते ती गायीपाशी. बाग दोन दिवस बघितली नाही तरी चालते, गाय चालत नाही, सकाळ-संध्याकाळ दूध काढायचंच. लोक यावर उपाय म्हणून गाय विकतात, त्याची गरज नसते, थोडं प्लॅनिंग लागतं.

एक म्हणजे गाय विण्याच्या आधीचे दोन महिने तिला आटवायचंच असतं, तिच्या तब्येतीसाठी आणि पोटातल्या वासरासाठी ते जरुरीचं आहे. हे दोन महिने दूध नाही, फक्त चारा-पाणी, आणि ते कोणीही शेजारी करू शकतो. तुमचा मोठा प्रवास, मुलीकडे राहायला जाणं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, जे काय असेल ते या दोन महिन्यांतल्या पहिल्या सव्वा महिन्यात बसवा, विण्याच्या तारखेच्या अगदी तोंडावर नको. गाय भरवली (गाभण राहण्यासाठी बैल दाखवला किंवा रेतन केलं) त्या दिवशीची तारीख वहीत लिहिलेली असेल तर नऊ महिने पुढे मोजून हे आधीच कळतं. तारीखच लिहीत नाहीत लोक, मग ऐन लग्नसराईत गाय विते.

दुसरं, आपली कोकण कपिला असेल तर दूध तसंही थोडंच असतं. वासरू चांगलं मोठं झालं की एका वेळेचं दूध त्याच्यावर सोडून द्या, दिवसभर आईबरोबर राहू दे, रात्री वेगळं बांधा आणि सकाळी एकदाच काढा. संध्याकाळ मोकळी होते, वासरूही धष्टपुष्ट होतं. भरपूर दुधाची जर्सी वगैरे असेल तर मात्र हा खेळ करू नका, कास दगडासारखी होऊन बसेल.

तिसरं, बदली माणूस. हा अडचण आल्यावर शोधायचा नसतो. शेजारचा कोणी मुलगा किंवा बाई बघून ठेवा, काही दिवस त्यांना सकाळच्या धारेला नुसतं बरोबर उभं करा, मग तुम्ही डोक्याशी उभं राहून गायीला खाजवत बसा आणि त्यांना काढू दे, मग तुम्ही गोठ्याच्या बाहेर. गाय आवाज आणि वास ओळखते, अनोळखी हात लागला की पान्हा चोरते, लाथ झाडते. पहिल्यांदा काढताना तुमचा रोजचा गोठ्यातला शर्ट किंवा जुना गाऊन त्यांना घालायला द्या, हसू नका, फरक पडतो. आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवा, पेंड किती, भुसा किती, पाणी कुठल्या बादलीने, डॉक्टरांचा नंबर. पैसे ठरवून द्या किंवा ते दूध त्यांचं, पण फुकटात उपकार म्हणून नको, दोनदा येतात आणि तिसऱ्यांदा फोन उचलत नाहीत.

चाऱ्याचं रोजचं काम पण कमी होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत रग्गड असतं तेव्हा हत्ती गवत थोडं सुकवून, कुट्टी करून मुरघासाच्या (आंबवून टिकवलेल्या चाऱ्याच्या) पिशव्यांत दाबून भरा, हवा राहता कामा नये, दीड महिन्याने उघडायला तयार होतो. पेंढ्याची उडवी गोठ्याच्या जवळ रचा, लांब रचली तर सहा महिने रोज डोक्यावरून भारे आणावे लागतात, ही असली क्षुल्लक वाटणारी गोष्ट माणसाला दमवते.

पाण्याचं थोडक्यात सांगते. माडांना शिपणं डिसेंबरपासून पावसापर्यंत चालतं, पाटाने किंवा पाइप धरून करत असाल तर रोजची संध्याकाळ गेली. ठिबक टाका, मोठ्या माडाला दिवसाला 30 ते 40 लिटर पुरतं, व्हॉल्व्हला टायमर लावा, आणि अळ्यात नारळाची सोडणं आणि माडाची सुकी चुडतं पसरा म्हणजे ओल टिकते. खर्च होतो एकदाच. आणि आठवड्यातून एकदा ड्रिपर बघायचे, तेवढं काम राहतंच.

वर्षाची मांडणी, म्हणजे मे महिन्याचं काय करायचं

शहरातून आलेला माणूस सवयीने मे महिन्यात सुट्टी धरतो. वाडीत मे हा सगळ्यात वाईट महिना. आंबा शेवटच्या टप्प्यात, रातांबे (कोकमाची फळं) पिकून पडतायत आणि आमसुलांना कडक ऊन हवं, काजूची शेवटची बी, पावसाच्या आत लाकडं भरायची, कौलं चाळायची, पन्हाळी साफ करायच्या, पडवीला पावसाची झडप बांधायची, गोवऱ्या आत घ्यायच्या, आणि बरोबर त्याच वेळी मुंबईहून चाकरमानी हजर, सहा मोठे आणि चार पोरं, त्यांना रोज मासे पाहिजेत.

तर मेमधलं जे काय पुढे ओढता येईल ते ओढा. लाकडं जानेवारी-फेब्रुवारीत तोडून फोडून घ्या, तेव्हा हवा थंड असते आणि तीन महिने सुकायलाही मिळतात. कौलं आणि पन्हाळी शिमगा झाल्या झाल्या, त्या कामाचे कारागीर तेव्हा मिळतातही, मेच्या शेवटी त्यांना शोधत फिरावं लागतं. कुंपण पावसाळ्यानंतर. मेमध्ये फक्त फळ आणि वाळवण राहिलं पाहिजे. वाळवणाला वळवाची धास्ती असते, दुपारी ढग वर चढायला लागले की अर्ध्या तासात सगळं आत, म्हणून चटया एकाच अंगणात घाला, छपरावर थोडं, गच्चीवर थोडं असं नको. आणि गडगडायला लागलं की आमसुलं गेली तरी चालतील, विजेत अंगणात धावायचं नाही.

पाहुण्यांचं सांगायचं तर त्यांना काम द्या. खरंच द्या. सकाळी पेजेनंतर रातांबे फोडायला सगळ्यांना पडवीत बसवायचं, पोरांना बिया वेगळ्या करायला, हात लाल होतात, पोरं खूश, गप्पा होतात आणि दोन घमेली काम उरकतं. दुपारी घर बंद, सगळ्यांनी झोपायचं, हा नियम आल्या दिवशीच सांगायचा. जो वहिनीला "तू बस, आम्ही करतो" म्हणतो आणि मग मोबाइल घेऊन बसतो त्याला विहिरीवरून पाणी आणायला पाठवायचं.

खरी विश्रांती वाडीत श्रावणात असते. लावणी संपली, बेणणी (तण काढणं) उरकली की गणपतीपर्यंत भात आपलं आपण वाढतं, बागेला पाणी नको, गवत दारात आहे. बाहेर पाऊस, आत चूल. नवीन माणूस या दिवसांत बोअर होतो आणि काहीतरी नवीन काढतो, शेड बांधू, कोंबड्या आणू. नका आणू. झोपा, वाचा, नातेवाइकांकडे जाऊन या, दात-डोळे दाखवून घ्या. ऑक्टोबरात कापणी सुरू झाली की लगेच मोहोराची फवारणी आणि मग जून उजाडेपर्यंत कोणी विचारत नाही.

आठवड्याची सुट्टी पाहिजे का? पाहिजे. बैल होते तेव्हा बऱ्याच घरांत सोमवारी जोत धरत नसत, आणि काही गावांत अजून अमावास्येला मोडा (शेतकामाला सुट्टी) पाळतात. बैलाला सुट्टी म्हणून माणसालाही मिळायची. आता टिलर आला, टिलर दमत नाही, डिझेल घातलं की परत सुरू, आणि माणूस त्याच्यामागे चिखलात सातही दिवस. तर एक वार ठरवून टाका, त्या दिवशी फक्त गुरं आणि पाणी, कोयता हातात नाही. आमच्यात जो वार बाजाराचा तोच धरलाय, बाजारात जायचं, भजी खायची, चार लोक भेटतात, तेवढीच करमणूक.

पैसे कुठे वाचवू नयेत

माडावर स्वतः चढू नका, पाडेलीला बोलवा, दीड-दोन महिन्यांतून एकदा तर यायचा असतो. लावणीला माणसं घ्या, आणि सावड करता येत असेल तर फारच उत्तम, आज आमच्याकडे उद्या तुमच्याकडे, दहा माणसं एकत्र वाकली की काम पटापट होतं आणि वाकलेल्या बाईची पाठ गाण्या-गप्पांत एवढी जाणवत नाही. मजुरी महाग झालीय हे खरंच आहे, भाताच्या भावात ती बसत नाही हेही खरं, पण मग एक कुणगा पड ठेवा. किंवा तिथे हत्ती गवत लावा. सगळी जमीन दरवर्षी पिकलीच पाहिजे, वडिलांच्या वेळी पिकत होती, हा हट्ट पन्नाशीनंतर अंगाशी येतो. वडिलांच्या वेळी घरात किती हात होते ते पण मोजा की.

शेवटचं लावणीच्या दिवसांतल्या तब्येतीबद्दल, कारण इथे अंगावर काढणारे फार. चिखलात दिवसभर पाय राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. संध्याकाळी पाय साबणाने धुवून, बेचकी नीट कोरडी करून खोबरेल किंवा कोकमाचं तेल चोळा, आणि फार झाल्या तर दोन दिवस शेतात उतरूच नका, कारण फुटलेल्या कातडीतून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू आत जातात, उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून ते शेतातल्या पाण्यात येतात. गमबूट घाला, जखम असेल तर झाका, आणि आरोग्य केंद्रातून या दिवसांत डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्या देतात त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचारा. ताप, डोकेदुखी, लाल डोळे, पोटऱ्या ठणकतायत, असं झालं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "लावणीची अंगदुखी आहे, उद्या उतरेल." अंगदुखीला ताप नसतो. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं, चिखलात काम केलंय हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं, आणि उरलेला तरवा शेजाऱ्यांना लावायला सांगायचा, नाहीतर सुकू दे.